पेटीतल्या बाळाचं दूध

जुन्या घरांतल्या भांड्यांत अजून कुठं कुठं बोंडलं सापडतं. मुठीत मावेल एवढी वाटी, एका अंगाला निमुळती चोच. ती चोच बाळाच्या ओठांच्या कडेला टेकवायची, थेंब थेंब दूध सोडायचं आणि बाळ चाटत-गिळत पितं. घरातून या वस्तूला बाटलीनं कधीच हुसकावलं. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात मात्र बाटलीला मज्जाव असतो आणि बोंडल्याचं स्टीलचं भावंड ‘पालाडाई’ हे दक्षिणेकडचं नाव घेऊन रोज वापरात असतं. बोंडलं घासून उकळता येतं, निपलच्या खाचेत जंतू लपून राहतात, एवढं साधं त्याचं कारण.

अकाली जन्मलेल्या बाळाला काय पाजायचं, केव्हा, किती आणि कसं, या प्रश्नावर साठ वर्षं संशोधन चाललं आहे. त्याचा प्रवासही थोडाफार बोंडल्यासारखाच झाला. टाकून दिलेल्या गोष्टीकडे शास्त्र पुष्कळ वळणं घेऊन परत आलं, पण रिकाम्या हातानं नाही. काय खरं आणि किती खरं, हे आता मोजून सांगता येतं. प्रश्न आपल्यासाठी लांबचा नाही. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे भरण्याआधी जन्मली. त्यांतली ३० लाखांहून अधिक भारतातली होती, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त.

आधी श्वास, मग घास

बाळ ‘पेटीत’ ठेवलं की बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारतात. श्वास नीट घेतंय ना? दूध पितंय ना? शास्त्रानंही याच क्रमानं या प्रश्नांना हात घातला.

१९५९ साली बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवलं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसांत सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा पदार्थ कमी असतो, म्हणून हवेच्या पिशव्या श्वास सोडताना मिटून चिकटतात. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच आजारानं दोन दिवसांत गेला. वजन दोन किलोच्या वर होतं. आज तसं बाळ जिल्हा रुग्णालयातूनही बहुधा धडधाकट घरी जातं. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी बाळंतपणाआधी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाची फुफ्फुसं पिकवता येतात हे सिद्ध केलं. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी सरफॅक्टंट थेट श्वासनळीत सोडून दाखवलं. श्वासाचा प्रश्न मिटला नाही, पण त्याला वाट सापडली.

आता किलोभराची, त्याहूनही लहान बाळं जगू लागली आणि दुसरा प्रश्न समोर उभा राहिला. आईच्या पोटातले शेवटचे तीन महिने म्हणजे बाळाच्या बेगमीचे दिवस. चरबी, लोह आणि हाडांतला बहुतेक सगळा चुना याच काळात साठतो. सातमाशी बाळ ही शिदोरी न घेताच बाहेर येतं. त्यात चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्यापर्यंत बसत नाही, म्हणून तोवर नाकातोंडातून पोटात नळी. आणि त्या पोटाची कुवत किती? पहिल्या दिवशी दर दोन तासांनी एखाद-दोन मिलिलिटर.

शिरेतून जेवण

पोट तयार नसेल तर पोटाला वगळून अन्न द्यावं, ही कल्पना फिलाडेल्फियाच्या स्टॅन्ली डुड्रिक यांनी खरी करून दाखवली. साठच्या दशकात त्यांनी बीगल जातीची पिल्लं केवळ शिरेतून दिलेल्या ग्लुकोज, प्रथिनं, क्षार आणि जीवनसत्त्वांवर वाढवली. १९६८ साली आतडी जवळजवळ नसलेल्या एका तान्ह्या मुलीचं पोषण याच रीतीनं केल्याचं त्यांनी आणि डग्लस विल्मोर यांनी प्रसिद्ध केलं. आज दीड किलोखालच्या बाळाला पहिल्याच दिवशी शिरेतून प्रथिनं सुरू करतात. ‘सलाईन लावलंय’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या पिशवीत कित्येकदा पूर्ण जेवण असतं.

पण शिरेत दीर्घकाळ राहिलेली नळी ही जंतूंसाठी उघडी दिंडी असते, आणि यकृतावरही भार पडतो. शिरेतून भरपूर दिलं म्हणजे भलं होतं, या समजाला मोठा धक्का २०१६ मध्ये बसला. बेल्जियमचं लूवेन, नेदरलँड्सचं रॉटरडॅम आणि कॅनडाचं एडमंटन इथल्या अतिदक्षता विभागांतल्या १,४४० गंभीर आजारी मुलांवर ‘पेपॅनिक’ नावाची चाचणी झाली. निम्म्या मुलांना शिरेतलं पोषण लगेच दिलं, निम्म्यांना आठवडाभर थांबून. थांबवलेल्या गटात नवे संसर्ग १०.७ टक्के मुलांना झाले, लगेच दिलेल्या गटात १८.५ टक्क्यांना. या चाचणीत पूर्ण दिवसांची नवजात बाळंही होती, पण अपुऱ्या दिवसांची नव्हती. त्यामुळे तिचा निष्कर्ष सातमाशी बाळांना जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांच्याकडे थांबण्याइतकी शिदोरीच नसते. तरी धडा सगळ्यांना लागू आहे. आजारी शरीराला किती पचतं याचा अंदाज न घेता केलेली भरती औषध ठरेलच असं नाही, आणि शिरेतली नळी जितकी लवकर काढता येईल तितकी चांगली.

कोणतं दूध?

नळी लवकर काढायची तर पोटातून दूध वाढवायला हवं, आणि इथंच त्या आजाराची भीती आडवी येते, ज्याला डॉक्टर मंडळी आद्याक्षरांवरून ‘नेक’ म्हणतात. नाव नेक, करणी उलटी. सगळं सुरळीत चाललेलं असताना अकाली बाळाचं पोट अचानक फुगतं, दूध पचेनासं होतं, शौचातून रक्त जातं आणि आतड्याचा तुकडाच्या तुकडा मरू लागतो. शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्या बाळांपैकी बरीच दगावतात. वाचतात त्यांतल्या काहींना आखूड आतड्यासह आयुष्य काढावं लागतं.

१९९० साली ॲलन ल्युकास आणि टिम कोल यांनी इंग्लंडमधल्या ९२६ अकाली बाळांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. फक्त वरच्या दुधावर, म्हणजे पावडरच्या दुधावर असलेल्या बाळांत हा आजार फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट जास्त आढळला. दोन वर्षांनी ल्युकास यांचाच दुसरा अहवाल आला. नळीवाटे आईचं दूध मिळालेली मुलं साडेसात-आठ वर्षांची झाली, तेव्हा त्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सुमारे आठ गुणांनी जास्त भरला. आकडा जगभर गाजला. पण तो काळजीपूर्वक वाचायला हवा. कोणत्या बाळाला कोणतं दूध हे इथं चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. जी आई रोज दूध पिळून पाठवत होती, तिचं घर, शिक्षण आणि जिद्दही वेगळी असणार. संशोधकांनी हे फरक जमेस धरले, तरी दुधाचा वाटा किती आणि आईचा किती हे पूर्ण वेगळं करता येत नाही.

आईचं दूध नसेल तर दुसऱ्या आईचं द्यावं, हा विचार जुनाच. व्हिएन्नामध्ये १९०९ साली पहिली दुग्धपेढी निघाली. दात्या मातेच्या रक्ताची तपासणी करायची, दूध ६२.५ अंश तापमानावर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करायचं आणि गोठवून साठवायचं, ही आजची रीत. १९८०च्या दशकात एचआयव्हीच्या भीतीनं पाश्चात्त्य देशांतल्या कित्येक पेढ्या बंद पडल्या. ब्राझीलनं उलट पाऊल टाकलं. तिथं आज दोनशेहून अधिक पेढ्यांचं जाळं आहे, झाकणाच्या काचेच्या बरण्यांत दूध जमा होतं आणि काही शहरांत अग्निशमन दलाचे जवान घरोघर जाऊन ते गोळा करतात.

पेढीतल्या दुधावरचा अलीकडचा मोठा निकाल २०२४चा, अमेरिकेतल्या १५ केंद्रांतला. आईचं दूध मिळत नसलेल्या किंवा अगदीच कमी मिळणाऱ्या ४८३ अतिलहान बाळांना चिठ्ठी टाकून एक तर पेढीचं दूध दिलं किंवा पावडरचं. पेढीच्या गटात आतड्याचा आजार ४.२ टक्के, पावडरच्या गटात ९ टक्के. पण दोन वर्षांच्या सुमारास मुलांच्या आकलनाची परीक्षा घेतली तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले आणि वजन तर पावडरच्या गटानं जास्त कमावलं. कॅनडातल्या २०१६च्या चाचणीचा सूरही असाच होता. म्हणजे पेढीचं दूध आतडं वाचवतं, पण आईच्या ताज्या दुधाची सगळी कामं ते करत नाही. निर्जंतुक करताना त्यातली काही विकरं आणि रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात. शिवाय दान करणारी आई बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळाची असते. अकाली बाळंतीण झालेल्या आईच्या पहिल्या काही आठवड्यांच्या दुधात प्रथिनं जास्त असतात, जणू तिच्या शरीराला हिशेब माहीत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या तीन सरकारी आरोग्यसंस्थांनी एकत्र निवेदन काढलं. पावडरच्या दुधानंच हा आजार होतो असा निर्णायक पुरावा नाही, धोका वाढतो तो मानवी दूध न मिळाल्यानं, असा त्याचा आशय. पहिल्या वाचनात हा शब्दच्छल वाटेल. तसा तो नाही. पावडर हे विष, त्याला हात लावू नका असं सांगितलं की दोष एका डब्यावर टाकून मोकळं होता येतं. मानवी दुधाची ढाल हवी असं म्हटलं की ती आणून देण्याची जबाबदारी व्यवस्थेवर येते.

आईच्या दुधालाही मर्यादा आहेच. किलोभराच्या बाळाला रोज किलोमागे साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं लागतात. पूर्ण प्रमाणात दिलेल्या दुधातून त्याच्या निम्मीच मिळतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस तर फारच अपुरे. म्हणून दुधात ‘फोर्टिफायर’ची पूड मिसळतात. ती बहुधा गाईच्या दुधाची असते. महागडी मानवी दुधापासून केलेली पूडही निघाली आहे, पण तिचा फायदा तिच्या किमतीला साजेसा आहे, असं अजून ठामपणे म्हणता येत नाही.

केव्हा आणि किती?

आतड्याच्या भीतीनं एके काळी बाळांना दिवसचे दिवस उपाशी ठेवत. दूध सुरू केलं तरी मुंगीच्या पावलांनी वाढवत. ही सावधगिरी तपासायला बरीच वर्षं लागली. २०१२च्या ‘ॲडेप्ट’ चाचणीत पोटात असताना वाढ खुंटलेल्या बाळांना दुसऱ्या दिवशी दूध सुरू केलं काय किंवा सहाव्या, आजाराचं प्रमाण बदललं नाही. २०१९ची ‘सिफ्ट’ चाचणी त्याहून मोठी होती. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ५५ रुग्णालयांत २,८०४ बाळं, काहींचं दूध रोज किलोमागे १८ मिलिलिटरनं वाढवलं, काहींचं ३०नं. दोन वर्षांनंतर मोठ्या अपंगत्वाविना जगलेल्या मुलांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. धीम्या चालीनं संरक्षण मिळतं हा समज निराधार ठरला. दिल्लीतल्या डॉक्टरांनी पुढचं पाऊल टाकलं आणि २८ ते ३४ आठवड्यांच्या, प्रकृती स्थिर असलेल्या बाळांना पहिल्या दिवसापासून पूर्ण प्रमाणात दूध देऊन पाहिलं. शिरेतली नळी लवकर निघाली, संसर्ग कमी झाले. जिथं शिरेतलं पोषण महाग आणि नर्स कमी, तिथं या निष्कर्षाचं मोल मोठं आहे. अगदी लहान, आजारी बाळांना मात्र तो लागू नाही.

आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचा विषय याच्याच शेजारचा. २०१७ साली ओडिशातल्या ग्रामीण भागात पिनाकी पाणिग्रही यांच्या गटानं ४,५५६ नवजात बाळांना आठवडाभर जिवाणू आणि त्याचं खाद्य असं मिश्रण दिलं. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. ही बाळं दोन किलोच्या वरची होती. अकाली बाळांत चित्र इतकं स्वच्छ नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत फायदा दिसला, इंग्लंडमधल्या १,३१५ बाळांच्या चाचणीत दुसऱ्या जातीच्या जिवाणूनं काहीच साधलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत अशाच उत्पादनातल्या जिवाणूमुळे एका अकाली बाळाच्या रक्तात संसर्ग होऊन ते दगावलं आणि तिथल्या औषध प्रशासनानं इशारा दिला. ‘प्रोबायोटिक’ हे एका औषधाचं नाव नाही. दही, इडलीचं पीठ आणि ताडी या तिन्हींना ‘आंबवलेलं’ म्हणण्याइतकाच तो ढोबळ शब्द आहे. कोणती जात, किती शुद्ध, कोणत्या बाळाला, हे ठरल्याशिवाय त्यावर मत देणं व्यर्थ.

काट्यावरचं बाळ

हे सगळं बरोबर चाललंय की नाही, हे रोज सकाळी वजनकाटा सांगतो. पण बाळ किती वाढायला हवं, हे कोणी ठरवायचं? आठ देशांतल्या ‘इंटरग्रोथ-२१’ प्रकल्पानं निरोगी, सुस्थितीतल्या मातांची बाळं मोजून जागतिक मापं तयार केली आणि त्या आठ ठिकाणांत ऑक्सफर्ड, सिएटलच्या पंगतीला आपलं नागपूरही होतं. आईला नीट खायला आणि उपचार मिळाले की वेगवेगळ्या देशांतली बाळं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या चित्राला एक टोचणी जोडली. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. हाडं बारीक, स्नायू कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं शाबूत. बाहेरून किडकिडीत, आतून मेदयुक्त, आणि पुढं मधुमेहाकडे झुकणारी ही प्रकृती. मग लहान जन्मलेल्या बाळाचं वजन भराभरा वाढवणं चांगलं की वाईट? मेंदूला लवकर वाढ हवी असते. स्वादुपिंड आणि रक्तवाहिन्यांना घाई मानवत नसावी. गुटगुटीत बाळ पाहून सगळं घर खूश होतं. ते वजन हाडामांसाचं की नुसत्या चरबीचं, हे साधा काटा सांगत नाही. या कोड्याचं उत्तर अजून सापडायचं आहे.

आई कुठं आहे?

आता जरा मागं, सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे जाऊ. मुंबईच्या शीव रुग्णालयात, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यापुढं संसर्गानं दगावणारी बाळं होती. नर्स कमी, पैसा कमी, धारावीसारख्या वस्त्यांतून येणाऱ्या बाळंतिणी मात्र अपार. त्यांनी वरचं दूध आणि बाटल्या हटवल्या, आयांना विभागाच्या आत घेतलं, आणि २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथं आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८च्या सुमारास पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा एडगर रे यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. १९७९ मध्ये एस्टोनियाच्या तालिनमध्ये परिचारिका मिळेनात म्हणून आदिक लेविन यांनी अकाली बाळांची रोजची सगळी उठबस आयांवर सोपवली आणि नर्सला शिकवण्याचं काम दिलं. तीन खंड, वर्षं जवळजवळ तीच, आणि तिन्हीकडे कारण एकच: टंचाई. उपाय म्हणून हाती लागली ती आईच.

गडचिरोलीत तर पेटीच नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाला ऊब, आईला पाजण्याची मदत, संसर्ग ओळखून घरीच उपचार. तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि पुढं देशभरातल्या ‘आशा’ताई घरी येऊन बाळ पाहू लागल्या.

या गोष्टींना बरीच वर्षं ‘गरिबांचा उपाय’ समजलं गेलं. चाचण्यांनी तो शिक्का पुसला. २०१८ साली कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ विभागांत आईवडिलांना रोज काही तास बाळाची काळजी प्रत्यक्ष घेऊ दिली. बाळांचं वजन अधिक वाढलं आणि घरी जाताना आईच्या दुधावर असलेल्यांचं प्रमाणही. श्रीमंत देश, नर्स पुरेशा, तरीही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी आली. भारत आणि आफ्रिकेतले चार देश, एक ते १.८ किलोची ३,२११ बाळं. प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मल्यापासूनच कांगारू पद्धत. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागात आणली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात तसा विभागच उभा राहिला. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. संघटनेनं २०२२ मध्ये शिफारसच बदलली. या चाचणीत कोणतंही नवं दूध, पूड किंवा औषध नव्हतं. बदलली होती ती खाटेची जागा.

म्हणून या साठ वर्षांचा हिशेब मांडताना मला दुधापेक्षा अंतर महत्त्वाचं वाटतं. आई आणि पेटी यांच्यातलं अंतर. पान्हा फुटतो तो बाळ जवळ असलं की. पहिल्या काही तासांत पिळून काढलेला चीक आणि मग दिवसातून आठ वेळा रिकामी केलेली छाती, यांवर पुढच्या सगळ्या महिन्यांचं दूध ठरतं. आपल्याकडे २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण तासाभरात छातीला लावलेली बाळं ४१.८ टक्केच. बाईला दवाखान्यापर्यंत आणण्यात आपण यशस्वी झालो आणि दवाखान्याच्या आत दोघांना वेगळं केलं. १९९२च्या कायद्यानं पावडरच्या दुधाच्या जाहिराती आणि फुकट नमुने रोखले. आईला आत बसायला खुर्ची द्यावी, असं मात्र कोणताच कायदा सांगत नाही.

बरेचदा तर पेटी एका रुग्णालयात आणि टाके पडलेली बाळंतीण दुसऱ्याच. मधल्या रस्त्यावर दिवसातून तीनदा स्टीलचा डबा घेऊन जाणारा बाप. डब्याच्या तळाशी चमचाभर पिवळसर चीक. नर्स तो बोंडल्यात घेते, नळीतून सोडते. पुढच्या खेपेला चमचाभरसुद्धा नसतो, कारण तिकडं तिच्या जवळ कुणी रडतच नाही. मग बाहेरच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘डॉक्टर, आता कोणतं दूध आणू?’ इतक्या चाचण्यांनंतर त्याला द्यायचं पहिलं उत्तर दुधाच्या दुकानाचा पत्ता नाही. बाळंतिणीला इकडं कधी आणताय, एवढं आधी विचारायला हवं, आणि ती आली तर तिला टेकायला खाट तयार हवी.